दोनाचा आकडा कोठे लिहावा?

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात रासायनिक अभिक्रिया व समीकरणे यांचे प्रकरण आरंभीच येते. वर्गात ते शिकवून झाले की आम्ही एक छोटी चाचणी घेतो. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका चाचणीत पहिला प्रश्न अगदी सोपा होता. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाने पाणी तयार होते; हे समीकरण संतुलित करून लिहा. एका विद्यार्थिनीने दोन्ही बाजूंचे अणू मोजले. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू होते, उजवीकडे पाण्यात एकच होता. तिने थोडा विचार केला असावा, कारण तेथे पेन्सिलीने काही लिहून खोडल्याच्या खुणा होत्या. मग तिने पाण्याच्या सूत्रातील ऑक्सिजनच्या अक्षराच्या पायाशी दोनाचा बारीकसा आकडा लिहिला. आता हायड्रोजन दोन आणि दोन, ऑक्सिजन दोन आणि दोन. ताळा जमला होता.

आम्ही त्या उत्तरावर तांबडी फुली मारली आणि बाजूला बरोबर उत्तर लिहिले. ती उत्तरपत्रिका घेऊन आमच्याकडे आली. "सर, दोन्हीकडे सारखेच झाले ना? मग चुकले कुठे?" तास संपत आला होता, पुढच्या वर्गाची घंटा व्हायची होती. "असे करायचे नसते," एवढेच आम्ही म्हणालो आणि ती मान हलवून गेली.

"असे करायचे नसते" हे विज्ञानातले उत्तर नव्हे. ती मुलगी पुढे कला शाखेकडे गेली व तेथे तिने चांगले यश मिळविले. त्या फुलीचा आणि तिच्या निवडीचा संबंध होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तिने विचारलेला प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर देणे आमच्याकडून राहिले. स्मरणिका ही माजी विद्यार्थ्यांच्या घरोघरी जाते, पालकही ती वाचतात. म्हणून ते राहिलेले उत्तर येथे सविस्तर देण्याचे आम्ही ठरविले. वर्गात आपण मूलद्रव्यांच्या संज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहितो. ज्या पालकांचा त्या अक्षरांशी परिचय नाही, त्यांनाही हा विषय कळावा या हेतूने येथे पदार्थांची नावेच वापरली आहेत.

प्रथम हे सांगितले पाहिजे की त्या मुलीने लिहिलेले समीकरण असंतुलित नव्हते. ते संतुलितच होते, पण पाण्याचे नव्हते. मुले ज्याला "एच टू ओ" म्हणतात, त्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. त्यात ऑक्सिजनचा आणखी एक अणू घातला की "एच टू ओ टू" होते, म्हणजे हायड्रोजन परॉक्साइड. जखम धुण्यासाठी दवाखान्यात वापरतात आणि जखमेवर पडताच ज्याचा फेस येतो, तेच हे द्रव्य. तेथे ते पाण्यात पुष्कळ विरल केलेले असते. त्याचे तीव्र द्रावण कातडी भाजते. तहानलेल्या माणसापुढे पाण्याऐवजी हे द्रव्य ठेवावे, तसे त्या उत्तरात झाले होते. अणूंचा हिशोब पुरा झाला, पण पदार्थच बदलला.

समीकरणात आकडे दोन जागी येतात आणि सारी गफलत येथेच होते. एक आकडा अक्षराच्या पायाशी, बारीक असतो. एका रेणूत त्या मूलद्रव्याचे किती अणू आहेत हे तो सांगतो. दुसरा आकडा सूत्राच्या पुढे, डाव्या हाताला, ठळक असतो. असे रेणू किती घेतले हे तो सांगतो. पहिला आकडा निसर्गाने ठरविलेला आहे. तो आपण शोधून काढू शकतो, बदलू शकत नाही. दुसरा मात्र सर्वस्वी आपल्या हातचा आहे. वर्गात हे वाक्य आम्ही फळ्यावर अनेकदा लिहिले आहे आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतले आहे. पण नुसत्या वाक्याने ते मनात उतरत नाही, असाही आमचा अनुभव आहे.

म्हणून त्या चाचणीनंतरच्या वर्षापासून आम्ही वसतिगृहाच्या सायंकाळच्या अभ्यासतासाला धान्य घेऊन बसू लागलो. स्वयंपाकघरातून मूठभर ज्वारी आणि मूठभर हरभरे आणायचे, चिंचोके मुलांकडे असतातच. ज्वारीचा दाणा म्हणजे हायड्रोजनचा अणू, हरभरा म्हणजे ऑक्सिजनचा आणि चिंचोका म्हणजे कार्बनचा. जुन्या वहीच्या कागदाच्या पुड्या बांधायच्या. एक पुडी म्हणजे एक रेणू. हायड्रोजनच्या पुडीत नेहमी दोन ज्वारीचे दाणे. हवेतल्या ऑक्सिजनच्या पुडीत नेहमी दोन हरभरे, कारण तो हवेत जोडीनेच राहतो. पाण्याच्या पुडीत दोन ज्वारी आणि एक हरभरा. नियम एवढेच: डावीकडच्या पुड्या सोडून उजवीकडच्या बांधायच्या, पण कोणत्याही पुडीचा मसुदा बदलायचा नाही. शेवटी एक दाणाही उरता कामा नये आणि एकही दाणा बाहेरून आणता कामा नये.

मुले हायड्रोजनची एक पुडी सोडतात, ऑक्सिजनची एक सोडतात आणि पाण्याची एक बांधतात. सतरंजीवर एक हरभरा उरतो. त्याचे काय करावे? कोणीतरी तो पाण्याच्या पुडीत कोंबू पाहते आणि लगेच दुसरा कोणी ओरडतो, "अरे, ते पाणी नाही राहिले!" मग हायड्रोजनची आणखी एक पुडी मागितली जाते. ती सोडली की दोन ज्वारीचे दाणे आणि उरलेला हरभरा मिळून पाण्याची दुसरी पुडी बांधता येते. सतरंजी रिकामी होते. आता पुड्या मोजायच्या:

हायड्रोजन २ रेणू + ऑक्सिजन १ रेणू → पाणी २ रेणू

हे दोन आकडे सांगावे लागत नाहीत. ते मुलांच्या हातात येतात.

पाण्याच्या पुडीत दोन ज्वारीच का, एक का नको, असे एखादा मुलगा विचारतो. या प्रश्नाने ज्यांची भंबेरी उडाली अशा लोकांची नावे आम्ही मुद्दाम सांगतो. अणुसिद्धान्त मांडणाऱ्या इंग्लंडच्या जॉन डाल्टन यांनी 1808 मध्ये आपल्या ग्रंथात पाण्याचा कण हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक असाच मानला होता. निसर्ग साधेपणाने वागत असेल, असा त्यांचा तर्क. पाण्यात वजनाने हायड्रोजनचा एक भाग व ऑक्सिजनचे आठ भाग असतात. एकास एक धरले की ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या अणूच्या आठपट जड ठरतो. दोनास एक धरले तर सोळापट. आरंभीचा हा एक आकडा चुकला की पुढच्या साऱ्या अणुवस्तुमानांत तो घोळ शिरतो, कारण अनेक मूलद्रव्ये ऑक्सिजनच्या मापानेच मोजली जात.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक यांनी वायूंची आकारमाने मोजून दाखविले की हायड्रोजनची दोन मापे आणि ऑक्सिजनचे एक माप यांपासून वाफेची दोन मापे मिळतात. ऑक्सिजनच्या एकाच मापातून वाफेची दोन मापे येतात, याचा अर्थ ऑक्सिजनच्या प्रत्येक कणाचे दोन तुकडे झाले पाहिजेत. अणू तर अभंग! डाल्टन यांना हे पटले नाही. 1811 मध्ये इटलीच्या ॲव्होगाड्रो यांनी कोडे सोडविले: ऑक्सिजनचा कण मुळात दोन अणूंचा जोडकण आहे, तुटतो तो जोडकण, अणू नव्हे. आमच्या भाषेत, ऑक्सिजनच्या पुडीत दोन हरभरे आहेत. हे उत्तर कागदावर येऊनही जवळजवळ पन्नास वर्षे बहुतेकांनी त्याकडे लक्ष दिले नाही. एकाच पदार्थाची सूत्रे निरनिराळे रसायनशास्त्रज्ञ निरनिराळी लिहीत राहिले. अखेर सप्टेंबर 1860 मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे युरोपातील रसायनशास्त्रज्ञ एकत्र जमले आणि तेथे इटलीच्याच कॅनिझारो यांनी ॲव्होगाड्रोंची बाजू मांडली. त्यानंतर हळूहळू सूत्रांत एकवाक्यता आली. त्या सभेला तरुण मेंडेलिव्हही उपस्थित होते. आवर्तसारणी त्यांनी 1869 मध्ये मांडली. मूलद्रव्यांना अक्षरांच्या संज्ञा देणाऱ्या स्वीडनच्या बर्झेलियस यांनी अणूंच्या संख्येचा आकडा अक्षराच्या वरच्या अंगाला लिहिला होता. तो पायाशी लिहिण्याची रीत पुढे पडली. म्हणजे दोनाचा आकडा कोठे लिहावा, हा प्रश्न दहावीच्या वर्गात प्रथम उद्भवलेला नाही.

समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या का असाव्या लागतात, हा त्याआधीचा प्रश्न. त्याचे उत्तर लव्हाझिए यांनी तागडीवर शोधले. 1743 मध्ये पॅरिसला जन्मलेले हे गृहस्थ रसायनशास्त्रज्ञ तर होतेच, शिवाय राजाच्या वतीने कर वसूल करणाऱ्या कंपनीत भागीदार होते. याच भागीदारीपायी राज्यक्रांतीच्या काळात, 8 मे 1794 रोजी, त्यांचा शिरच्छेद झाला. जमाखर्चाची सवय त्यांच्या प्रयोगांतही दिसते, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. त्यांनी मोहोरबंद भांड्यात कथील तापविले. कथलाचा काही भाग भस्म झाला, पण भांड्यासकट सगळ्याचे वजन होते तेवढेच राहिले. भांडे उघडताच बाहेरची हवा आत शिरली आणि तेव्हा कोठे वजन वाढले. कथलाने जे घेतले होते ते भांड्यातल्या हवेतून घेतले होते. 1789 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात द्राक्षरसाच्या आंबण्याविषयी लिहिताना त्यांनी एका बाजूला रस आणि दुसऱ्या बाजूला कार्बन डायऑक्साइड व मद्यार्क अशी बरोबरीची मांडणीच केली. आज आपण ज्याला रासायनिक समीकरण म्हणतो त्याचे हे एक आरंभीचे रूप होय.

गंजलेले लोखंड हलके होते की जड, असे वर्गात विचारले की बहुतेक हात "हलके" म्हणून वर होतात. गंज झडून पडतो म्हणून तसे वाटते. झडलेला गंजही गोळा करून तागडीत टाकला तर वजन वाढलेले दिसेल. गंजातल्या पाण्याचा भाग सोडून साधा हिशोब केला तर 224 ग्रॅम लोखंड हवेतील 96 ग्रॅम ऑक्सिजन घेऊन 320 ग्रॅम आयर्न ऑक्साइड होते. समीकरणात हेच लोखंडाचे चार अणू, ऑक्सिजनचे तीन रेणू आणि ऑक्साइडचे दोन असे येते.

या हिशोबाचे आमचे आवडते उदाहरण मात्र विद्यालयाच्या भिंतीवर आहे. माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल, जयंतीच्या आधी वसतिगृहाच्या भिंतींना चुना दिला जात असे आणि मोठ्या मुलांचे हात-पाय आठवडाभर पांढरे असत. तो चुना भट्टीतून येतो. भट्टीत चुनखडी भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. 100 किलो शुद्ध चुनखडीतून 56 किलो कळीचा चुना मिळतो आणि 44 किलो वायू धुराड्यातून आकाशात जातो. मग कळीचा चुना पाण्यात विझवितात. पिंपात तो खदखदतो, वाफा येतात, जवळ उभे राहू नका म्हणून सांगावे लागते. वाफेवाटे उडून जाते ते पाणी सोडले, तर 56 किलो चुना 18 किलो पाणी आपल्यात सामावून घेतो आणि 74 किलो विझवलेला चुना होतो. तो भिंतीवर चढतो. तेथे तो नुसता वाळत नाही. दिवसेंदिवस हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत राहतो. 74 किलो चुना 44 किलो वायू घेऊन पुन्हा 100 किलो चुनखडी होतो आणि 18 किलो पाणी सोडतो. भट्टीत गेलेले 44 भिंतीवर परत आले, पिंपात घेतलेले 18 परत गेले. कीर्दीत आणि खतावणीत एका कणाचीही तफावत नाही. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते, तो प्रयोग सर्वांनी केलेला आहे. त्या पेल्यात आणि भिंतीवर एकच अभिक्रिया घडत असते. फुंकर घालताना निवळी तोंडात ओढली जाऊ नये, ही सूचना आम्ही आजही तीनदा देतो.

चुन्याच्या या तिन्ही समीकरणांत पुढे आकडा लिहावाच लागत नाही, सर्वत्र एकेकच रेणू आहे. अवघड समीकरण पाहायचे तर भोजनगृहातल्या शेगडीकडे जावे. सिलिंडरमधला वायू हा मुख्यत्वे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. आपण ब्युटेन घेऊ. त्याच्या पुडीत चार चिंचोके आणि दहा ज्वारीचे दाणे. तो हवेतील ऑक्सिजनमध्ये पूर्ण जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते.

येथे मुले घाईने ऑक्सिजनपासून सुरुवात करतात आणि गुंततात. ऑक्सिजन उजवीकडच्या दोन्ही पदार्थांत आहे, म्हणून तो शेवटी घ्यावा. आधी कार्बन: चार चिंचोके, म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या चार पुड्या. मग हायड्रोजन: दहा दाणे, पाण्याच्या पुडीत दोन-दोन, म्हणून पाण्याच्या पाच पुड्या. आता उजवीकडचे हरभरे मोजावेत. चार पुड्यांत दोन-दोन प्रमाणे आठ आणि पाण्यातले पाच, एकूण तेरा. डावीकडे ऑक्सिजनच्या पुड्या दोनाच्याच, म्हणजे साडेसहा पुड्या हव्यात. अर्धी पुडी कोणी देत नाही. येथे पुष्कळ मुले अडतात आणि पुन्हा तोच मोह होतो: कोठेतरी पायाचा आकडा हलवावा! त्यापेक्षा सगळेच दुप्पट करावे.

ब्युटेन २ + ऑक्सिजन १३ → कार्बन डायऑक्साइड ८ + पाणी १०

ऑक्सिजन शेवटी ठेवण्याचा लाभ आता दिसेल. त्याची पुडी एकाच जातीच्या दाण्यांची आहे. तिची संख्या कितीही बदलली तरी कार्बन व हायड्रोजन यांचा जमलेला हिशोब हलत नाही.

या चार आकड्यांत किती मोठी माहिती दडलेली आहे हे पाहण्यासारखे आहे. अणुवस्तुमाने वापरून वजने काढली की 116 ग्रॅम ब्युटेनला 416 ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि 352 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व 180 ग्रॅम पाणी मिळते. दोन्हीकडे 532. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो वायू असतो; तो सगळा ब्युटेन आहे असे धरले, तर तो जळण्यास सुमारे 51 किलो ऑक्सिजन लागतो. त्यातून सुमारे 43 किलो कार्बन डायऑक्साइड आणि 22 किलो पाणी तयार होते. एका सिलिंडरमधून दीड घागरीहून अधिक पाणी! ते वाफेच्या रूपाने खिडकीतून जाते म्हणून दिसत नाही. थंड पाण्याचे पातेले पेटत्या शेगडीवर ठेवले की पहिले काही क्षण त्याच्या बुडाला बाहेरून दव येते, ते या वाफेचे. गळके पातेले म्हणून आपण ते उगाच उलटून पाहतो.

जे माजी विद्यार्थी पुढे गणिताकडे गेले त्यांना सांगावेसे वाटते की हीच समीकरणे अज्ञात संख्या मानून सोडविता येतात. तांबे आणि विरल नायट्रिक आम्ल यांचे समीकरण अंदाजाने जुळविताना घाम फुटतो. प्रत्येक पदार्थापुढे एकेक अक्षर लिहून प्रत्येक मूलद्रव्याचे एकेक समीकरण मांडले की तांबे तीन, आम्ल आठ, कॉपर नायट्रेट तीन, नायट्रिक ऑक्साइड दोन आणि पाणी चार, असे उत्तर मुकाट्याने बाहेर येते.

आता ज्यासाठी हा लेख प्रामुख्याने लिहिला त्या गोष्टीकडे वळतो. वर शेगडी पूर्ण जळते असे धरले. पूर्ण जळण्यासाठी ब्युटेनच्या दोन रेणूंना ऑक्सिजनचे तेरा रेणू हवेत. हवेचा सुमारे पाचवा भागच ऑक्सिजन असल्याने ब्युटेनच्या एका मापाला हवेची जवळजवळ एकतीस मापे लागतात. खोली बंद असली, बर्नरची छिद्रे बुजली असली, तर तेरा मिळत नाहीत. समजा नऊच मिळाले. मग काय होईल? अणू कोठे जात नाहीत, पण पुड्या वेगळ्या बांधल्या जातात:

ब्युटेन २ + ऑक्सिजन ९ → कार्बन मोनॉक्साइड ८ + पाणी १०

आणि पाचच मिळाले, तर आठ कार्बन नुसतेच उरतात, ती काजळी. पातेल्याचे बूड काळे होऊ लागले आणि ज्योत निळी सोडून पिवळी झाली, तर ऑक्सिजन कमी पडतो आहे असे समजावे. प्रत्यक्ष शेगडीत ही तिन्ही समीकरणे कमी-अधिक प्रमाणात एकदम चाललेली असतात. वाचकांनी अणू मोजून पाहावेत. तिन्ही संतुलित आहेत. मात्र पहिल्यात कार्बन डायऑक्साइड आहे, जो आपण श्वासावाटे बाहेर टाकतो. दुसऱ्यात कार्बन मोनॉक्साइड आहे, ज्याने माणूस मरतो. सूत्रात दोघांमध्ये फरक फक्त ऑक्सिजनच्या पायाशी असलेल्या दोनाचा. तो दोन आहे की नाही, एवढाच.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते; झोपेत असलेल्या माणसाला मात्र यांपैकी काहीच कळत नाही. दगडी किंवा लोणारी कोळशाची शेगडी तर याहून घातक, कारण निखाऱ्यांचा थर जाड असला की आतल्या निखाऱ्यांपर्यंत हवा पुरेशी पोहोचतच नाही. बारा ग्रॅम कार्बन पूर्ण जळण्यास 32 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. 16 ग्रॅमच मिळाला तर सगळा मोनॉक्साइड होऊ शकतो. निखारे लालबुंद दिसतात, धूर नसतो, म्हणून लोकांना ती निर्धोक वाटते. हिवाळ्यात बाळंतिणीच्या किंवा म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत रात्रभर शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. न्हाणीघरात गॅसचा गिझर आणि वर झरोकाही नाही, अशीही घरे आहेत. आमची पालकांना कळकळीची विनंती आहे की निजण्याच्या खोलीत पेटती शेगडी ठेवू नये, गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत लावून घ्यावा आणि त्याचा धूर बाहेर जाईल अशी सोय असावी. कोणी बंद खोलीत बेशुद्ध आढळले, तर आधी दारे-खिडक्या उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि विलंब न करता रुग्णालयात न्यावे. आत जाणाऱ्यानेही तेथे रेंगाळू नये.

रासायनिक समीकरण सर्व काही सांगते असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एका भांड्यात मिसळून नुसते ठेवले तर ते दीर्घकाळ तसेच राहतात. ठिणगी पडताच स्फोट होतो. समीकरण दोन्ही वेळा तेच. लोखंड गंजायला महिने लागतात आणि वायू क्षणात पेटतो, हा वेगही त्यात दिसत नाही. अभिक्रिया घडेल की नाही, उष्णता किती निघेल, हे वेगळे विषय आहेत आणि ते अकरावी-बारावीत येतात. समीकरण फक्त हिशोब देते: किती दिले, तर किती मिळेल.

हा हिशोब तपासण्यास रसायनशास्त्र शिकलेले असावे लागत नाही. पाल्य समीकरण सोडवीत असेल तेव्हा पालकांनी शेजारी बसावे आणि दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, बाणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक अक्षराचे किती झाले ते मोजून दाखव. पुढचा आकडा आणि पायाचा आकडा यांचा गुणाकार करायचा, आणि कंस असेल तर कंसाबाहेरचा आकडा कंसातल्या प्रत्येक अक्षराला लागू करायचा. विझवलेल्या चुन्याच्या सूत्रात ऑक्सिजन आणि हायड्रोजन दोन-दोन आहेत ते असेच. दुसरी, प्रश्नात दिलेल्या सूत्रांपैकी एखाद्याच्या पायाचा आकडा तू बदललास का? बदलला असेल तर खोडून टाकण्याआधी तो पदार्थ आता कोणता झाला, ते त्याच्याकडून काढून घ्यावे. पुष्कळदा असा पदार्थ अस्तित्वातच नसतो, कधी त्या मुलीला सापडला तसा हायड्रोजन परॉक्साइड निघतो. आमच्या चाचणीत अशा उत्तराला आम्ही अजूनही गुण देत नाही, पण फुलीच्या शेजारी त्या नव्या पदार्थाचे नाव लिहून देतो.